खुब्याच्या फ्रॅक्चरची रजिस्ट्री लहान रुग्णालयात ठेवावी का, आणि कशी?

पश्चिम महाराष्ट्रातील एका धर्मादाय रुग्णालयात काम करणाऱ्या तरुण अस्थिरोगतज्ज्ञांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या शंभर खाटांच्या रुग्णालयात वर्षाला साठेक वृद्ध रुग्ण खुब्याचे हाड मोडून येतात. परदेशात अशा रुग्णांच्या राष्ट्रीय रजिस्ट्री (प्रत्येक रुग्णाच्या उपचारांच्या एकसारख्या नोंदी) आहेत आणि त्यांच्यामुळे उपचार सुधारले, असे वाचनात येते. आमच्याकडे वेगळा कर्मचारी नाही, सॉफ्टवेअरही नाही. तरी अशी नोंद ठेवून काही साधेल का, आणि साधणार असेल तर सुरुवात कोठून करावी?

निश्चित साधेल. मात्र दोन अटी आहेत. एक म्हणजे खुबा मोडून तुमच्या दारात आलेल्या प्रत्येक वृद्ध रुग्णाची नोंद झाली पाहिजे, शस्त्रक्रिया झालेल्यांचीच नव्हे. दुसरी म्हणजे ती नोंद दर महिन्याला अशा लोकांनी एकत्र बसून वाचली पाहिजे, ज्यांच्या हातात दुसऱ्या दिवशीपासून काहीतरी बदलण्याचा अधिकार आहे. या दोन गोष्टी नसतील तर कितीही चांगले सॉफ्टवेअर आणले तरी ती माहिती शोधनिबंधापुरती उरते, आणि वॉर्डातल्या आजीला तिचा काही उपयोग होत नाही.

आधी या दुखण्याचे स्वरूप लक्षात घेऊ. वृद्ध माणूस न्हाणीघरात किंवा उंबऱ्याशी अडखळून पडतो, मांडीच्या हाडाची मान किंवा तिच्याखालचा भाग मोडतो, आणि जगभरच्या आकडेवारीनुसार वर्षभरात अशा रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा दगावतो. मृत्यूचे कारण बहुधा मोडलेले हाड नसते. अंथरुणाला खिळल्यामुळे होणारा न्यूमोनिया, पायातल्या शिरेत धरणारी गुठळी, बेडसोर, लघवीतला जंतुसंसर्ग आणि आधीच थकलेल्या हृदयावर व मूत्रपिंडावर पडणारा ताण ही खरी कारणे असतात. म्हणून वेदना लवकर शमवणे, रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी लवकर तयार करणे, वेळेत शस्त्रक्रिया करणे आणि दुसऱ्याच दिवशी त्याला उभे करणे, या साखळीवर सारे अवलंबून असते. ही साखळी कॅज्युअल्टी, अस्थिरोग, भूलशास्त्र, मेडिसिन, नर्सिंग, फिजिओथेरपी आणि बिलिंग अशा अनेक हातांतून जाते. प्रत्येकाला आपला तुकडा दिसतो, संपूर्ण प्रवास कोणालाच दिसत नाही. तो एका पानावर आणून ठेवणे हे रजिस्ट्रीचे काम आहे.

या कामाची सुरुवात स्वीडनने केली. तेथील ‘रिक्सहॉफ्ट’ ही राष्ट्रीय नोंदणी १९८८ मध्ये सुरू झाली आणि स्कॉटलंडने १९९३ मध्ये तिच्या धर्तीवर आपल्या उपचारांची तपासणी (ऑडिट) सुरू केली. डेन्मार्क, नॉर्वे, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड, स्पेन, जर्मनी यांनी नंतर आपापल्या रजिस्ट्री उभ्या केल्या. मात्र शिकण्यासारखे सर्वांत जास्त इंग्लंडच्या ‘नॅशनल हिप फ्रॅक्चर डेटाबेस’मध्ये आहे, कारण तेथे नोंदणीचा परिणाम तपासण्याची संधी मिळाली.

ही नोंदणी २००७ मध्ये अस्थिशल्यचिकित्सकांची संघटना आणि वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना यांनी मिळून सुरू केली. ‘मिळून’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण सरकारने वरून लादलेली तपासणी आणि डॉक्टरांनी स्वतः मागून घेतलेली तपासणी यांना वॉर्डात मिळणारा प्रतिसाद वेगळा असतो. पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात जेनी न्यूबर्गर आणि सहकाऱ्यांनी एक चांगली दक्षता घेतली: सुधारणा मोजण्यासाठी त्यांनी रजिस्ट्रीचे आकडे वापरलेच नाहीत. रुग्णालयांच्या नेहमीच्या प्रशासकीय नोंदी आणि मृत्यूनोंदी वापरल्या, जेणेकरून ‘नोंद नीट होऊ लागली म्हणून आकडा सुधारला’ हा आक्षेप राहू नये. त्यात असे दिसले की २००३ ते २००७ या काळात तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण ११.५ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर, म्हणजे अगदी थोडेसे उतरले होते. २००७ ते २०११ या काळात ते १०.९ वरून ८.५ टक्क्यांवर आले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे प्रमाण त्याच चार वर्षांत ५४.५ वरून ७१.३ टक्क्यांवर गेले. या काळात कोणताही नवा इम्प्लांट (हाडात बसवायचा कृत्रिम भाग) किंवा नवे औषध आलेले नव्हते. माहीत असलेल्याच गोष्टी वेळेवर होऊ लागल्या होत्या.

हे केवळ मोजल्यामुळे झाले असे मात्र मी म्हणणार नाही. एप्रिल २०१० पासून तेथे पैशाचीही जोड दिली गेली. ३६ तासांच्या आत शस्त्रक्रिया, वृद्धरोगतज्ज्ञाची वेळेत तपासणी, पुन्हा पडू नये म्हणून मूल्यमापन, हाडांच्या ठिसूळपणावर उपचार अशा ठरलेल्या सर्व गोष्टी एका रुग्णाच्या बाबतीत पूर्ण झाल्या, तरच त्या रुग्णामागे रुग्णालयाला जादा रक्कम मिळे. एक जरी राहिली तरी काही मिळत नसे. ही रक्कम मिळवायची तर नोंद भरणे भाग होते, आणि त्या रकमेतून कित्येक रुग्णालयांना वृद्धरोगतज्ज्ञ नेमणे परवडले. शिवाय प्रत्येक रुग्णालयाला आपले आलेख संकेतस्थळावर, अद्ययावत स्वरूपात आणि देशाच्या सरासरीशेजारी पाहता येत होते. वर्षभरानंतर हातात पडणाऱ्या जाड अहवालापेक्षा गेल्या महिन्याचा आलेख लोकांना हलवतो, हा माझा अनुभव त्यांच्या अनुभवाशी जुळतो.

आता आपल्याकडे वळू. इंग्लंडचा तक्ता जसाच्या तसा उचलला तर पहिल्याच रकान्यात फसगत होते. तेथे घड्याळ रुग्णालयात पोहोचल्यापासून सुरू होते, कारण तेथील रुग्ण बहुधा पडला त्याच दिवशी पोहोचतो. आपल्याकडे काय होते ते उदाहरणाने पाहू. समजा, एक आजी सोमवारी पहाटे पाच वाजता पडल्या. मुका मार असेल म्हणून घरच्यांनी लेप लावला, मंगळवारी हाडवैद्याकडे नेले, बुधवारी तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे निघाला, आणि गुरुवारी दुपारी बारा वाजता त्या तुमच्याकडे दाखल झाल्या. तुमच्या चमूने चांगली धावपळ केली आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता शस्त्रक्रिया झाली. दाखल झाल्यापासून मोजले तर ३० तास, म्हणजे इंग्लंडच्या निकषात उत्तम कामगिरी. पडल्यापासून मोजले तर १०९ तास, आणि त्या काळात आजी जवळजवळ उपाशी, पाणी कमी पिऊन, लघवीला उठावे लागू नये म्हणून तहान मारून पडून होत्या. म्हणून आपल्या नोंदीत पडल्याची वेळ आणि दाखल झाल्याची वेळ हे दोन्ही रकाने हवेत, आणि मधल्या काळात रुग्ण कोठे होता याचीही एक ओळ हवी. हा मधला काळ तुमच्या ताब्यात नाही असे वाटेल. पण सहा महिन्यांच्या नोंदीतून बहुतेक रुग्ण ठरावीक दोन-तीन तालुक्यांतून उशिरा येतात असे दिसले, तर तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना ‘पडल्यावर पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर थेट पाठवा’ एवढे सांगणे नक्कीच तुमच्या हातात आहे.

दाखल झाल्यानंतरच्या विलंबाचे कारण लिहिताना ‘फिटनेस नाही’ हा शेरा स्वीकारू नये असे मी सुचवतो. त्यामागे काय आहे ते लिहावे. हिमोग्लोबिन कमी असणे, सोडियम-पोटॅशियम बिघडलेले असणे, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणे, छातीत संसर्ग, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा हृदयाची लय बिघडणे ही दुरुस्त करण्याजोगी कारणे आहेत, आणि ती दाखल झाल्याच्या तासापासून दुरुस्त करायला घ्यावी लागतात. याउलट ‘टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) बाकी’, ‘फिजिशियन उद्या येणार’, ‘ओटी (शस्त्रक्रियागृह) रिकामी नाही’, ‘इम्प्लांट मागवले आहे’, ‘योजनेची पूर्वमंजुरी आली नाही’, ‘मुलगा पुण्याहून यायचा आहे’ ही व्यवस्थेची कारणे आहेत. दोन्ही प्रकार एकाच शेऱ्याखाली गेले की व्यवस्थेचा विलंब वैद्यकीय विलंबाच्या आड लपतो. विशेषतः इकोबद्दल सांगतो: हृदयात मर्मर (ठोक्यांबरोबरचा जादा आवाज) ऐकू आली म्हणून इको करणे योग्य असले, तरी त्यासाठी खुब्याची शस्त्रक्रिया एक-दोन दिवस खोळंबून ठेवू नये, अशी ब्रिटिश भूलतज्ज्ञांच्या संघटनेची भूमिका आहे. तुमच्या नोंदीत दहापैकी चार रुग्ण केवळ इकोसाठी थांबलेले दिसले, तर ती चर्चा भूलतज्ज्ञांशी आकडे समोर ठेवून करता येते. नाहीतर ती व्यक्तिगत वाद होऊन बसते.

सर्वांची नोंद हा मुद्दा मी उत्तराच्या पहिल्याच परिच्छेदात ठेवला, त्याचे कारण आपल्याकडची एक कटू वस्तुस्थिती आहे. वय फार झाले, खर्च झेपणार नाही, ‘आता कशाला चिरफाड’ असे म्हणून नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर सही करून रुग्णाला घरी नेतात. काही रुग्ण ट्रॅक्शनला वजन लावून झोपवले जातात आणि शस्त्रक्रियेची वाट पाहतच संपतात. ही सारी माणसे ओटी रजिस्टरमध्ये कधीच येत नाहीत. ओटी रजिस्टरवरून काढलेला मृत्यूदर म्हणूनच नेहमी खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. नोंदीचा उगम कॅज्युअल्टी आणि एक्स-रे विभाग हा असावा. साठ वर्षांवरील व्यक्तीच्या एक्स-रेत खुब्याचे फ्रॅक्चर दिसले की फॉर्म उघडायचा, पुढे काहीही झाले तरी तो बंद करायचाच, आणि घरी नेलेल्या रुग्णाच्या फॉर्मवर ‘का नेले’ हे नातेवाइकांच्या शब्दांत लिहायचे. कारण पैशाचे असेल तर उपाय निघू शकतो: २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, आणि कित्येक कुटुंबांना हे दाखल होईपर्यंत माहीतच नसते. तुमचे रुग्णालय योजनेच्या यादीत असेल तर रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्रांना मासिक बैठकीला बसवा. विलंबाची अर्धी कारणे त्यांच्या टेबलावर सुटतील.

फॉर्म किती मोठा असावा? समोर-मागे मिळून एक कागद, त्याहून मोठा नको. फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर नेटवर्क या आंतरराष्ट्रीय संस्थेने किमान सामायिक नोंदींचा एक नमुना तयार केला आहे. त्यावरून निवड करा म्हणजे उद्या इतरांच्या आकड्यांशी तुलना करता येईल. वय, लिंग, पडण्यापूर्वी रुग्ण कसा चालत होता, कोणाबरोबर राहत होता, भूलतज्ज्ञांची एएसए श्रेणी (शस्त्रक्रियेआधी प्रकृती किती बरी-वाईट आहे ते सांगणारी), फ्रॅक्चरचा प्रकार, वर सांगितलेल्या वेळा, विलंबाचे कारण, भूल कोणती, शस्त्रक्रिया कोणती, दुसऱ्या दिवशी उभे केले का, बेडसोर झाला का, डेलिरियम (अचानक उद्भवणारा मानसिक गोंधळ) झाला का, हाडांचे औषध सुरू झाले का, कोठे सोडले, आणि पुढे काय झाले. पडण्यापूर्वीची चाल हा रकाना लोक गाळतात, आणि तो गाळला की निकालाचा अर्थच लागत नाही. जो माणूस आधीच काठी घेऊन घरातल्या घरात चालत होता त्याच्याकडून देवळापर्यंत जाण्याची अपेक्षा करता येत नाही.

डेलिरियमबद्दल थोडे थांबतो. शस्त्रक्रियेनंतर आजी असंबद्ध बोलू लागल्या, रात्री सलाईन उपसू लागल्या, की ‘वयामुळे होते’ म्हणून सोडून दिले जाते. खरे तर तो वेदना, संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, सोडियमची कमतरता किंवा एखाद्या औषधाचा परिणाम असू शकतो. ‘फोर-एटी’ ही दोन-तीन मिनिटांची चाचणी यासाठी वापरतात. तिच्यात जन्मतारीख विचारली जाते आणि महिने उलटे म्हणायला सांगतात. आपल्याकडच्या कित्येक वृद्ध स्त्रियांना जन्मतारीख मुळातच ठाऊक नसते, आणि इंग्रजी महिने उलटे म्हणणे शाळा न पाहिलेल्या बाईला निरोगी असतानाही जमणार नाही. तेव्हा परिचारिकांना दोन गोष्टी पक्क्या शिकवा: रुग्ण गुंगीत किंवा फार अस्वस्थ आहे का हे पाहणे, आणि सोबत असलेल्या लेकीला किंवा सुनेला ‘कालपासून काही वेगळे वाटते का?’ असे विचारणे. अचानक झालेला बदल या चाचणीत सर्वांत जड गुणांचा आहे, आणि तो ओळखायला अक्षरज्ञान लागत नाही.

आता आकडे वाचण्याविषयी, कारण येथे उत्साही लोक घसरतात. वर्षाला साठ रुग्ण असतील आणि तीस दिवसांत पाच मृत्यू झाले, तर दर सुमारे ८ टक्के दिसेल. पण एवढ्या लहान संख्येत खरा दर ३ ते १८ टक्के यांच्यामध्ये कोठेही असू शकतो. पुढच्या वर्षी तीन मृत्यू झाले म्हणून पाठ थोपटून घेण्यात किंवा आठ झाले म्हणून कोणाला जाब विचारण्यात अर्थ नाही. मोठ्या रजिस्ट्री मृत्यूदराची तुलना करताना वय, आधीची चाल, एएसए श्रेणी आदी बाबी हिशेबात घेतात आणि तरीही सावधपणे बोलतात. लहान रुग्णालयाने प्रत्येक मृत्यूचा केसपेपर स्वतंत्रपणे वाचावा आणि आलेख मात्र प्रक्रियेचे काढावेत: शस्त्रक्रियेपर्यंतचे तास, दुसऱ्या दिवशी उभे राहिलेल्यांचे प्रमाण, मांडीच्या वरच्या भागातील नस बधिर करणारे इंजेक्शन कॅज्युअल्टीतच मिळालेल्यांचे प्रमाण. महिन्यागणिक मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) मांडत जा. सलग सहा महिने बिंदू आधीच्या मध्यकाच्या एकाच बाजूला राहिले तर काहीतरी खरोखर बदलले आहे असे समजावे. एका महिन्याच्या चढउतारामागे धावू नये.

रजिस्ट्रीने उपचारांतील श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवण्याचीही घाई नको. ज्यांना लवकर उभे केले ते लवकर घरी गेले, असे मोठ्या नोंदींत दिसते, पण मुळात धडधाकट रुग्णच लवकर उभे राहतात हेही खरे आहे. असे गुंते सोडवायला यादृच्छिक चाचण्या, म्हणजे रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गटांत वाटून केलेली तुलना, लागतात. २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘हिप अटॅक’ चाचणीत १७ देशांतील २९७० रुग्ण होते आणि त्यांत भारतातलेही होते. निदानानंतर सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया आणि सुमारे चोवीस तासांत शस्त्रक्रिया, या दोन गटांत मृत्यूदरात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र लवकरच्या गटात डेलिरियम कमी झाला आणि रुग्ण लवकर उभे राहिले. याचा अर्थ सहा तासांसाठी जिवाचे रान करण्याची गरज नाही, पण चार-पाच दिवस थांबण्याला या चाचणीने मोकळीक दिली असेही कोणी समजू नये. तसा गट त्या चाचणीत नव्हताच.

एकशेविसाव्या दिवशीचा फोन हा नोंदीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग आहे. डिस्चार्ज कार्डावर ‘रुग्णाची प्रकृती समाधानकारक’ असे लिहून आपण मोकळे होतो. चार महिन्यांनी फिजिओथेरपिस्टने किंवा सिस्टरने घरी फोन करून ‘आजी आता शौचाला कशा जातात? कोणाचा हात धरावा लागतो का? दुखतं का? हाडांची गोळी चालू आहे का? त्यानंतर पुन्हा कधी पडल्या का?’ एवढेच विचारावे. फोन बहुधा सून उचलते आणि खरे सांगते. दाखल होताना दोन मोबाइल क्रमांक घ्या, एक घरातला आणि एक शेजाऱ्यांचा किंवा गावातल्या नातलगांचा. एकच क्रमांक घेतला की चार महिन्यांनी तो बंद लागतो. ज्यांचा पत्ता लागला नाही त्यांना ‘ठीक’ धरू नका, ‘माहिती नाही’ असे वेगळे मोजा.

हाडांच्या औषधाचा रकाना पहिल्या तिमाहीत जवळजवळ रिकामा निघेल, याची तयारी ठेवा. एक खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा मोडण्याचा धोका मोठा असतो, आणि तरीही हाड जोडून दिल्यावर ते मुळात कशामुळे मोडले, याकडे आपले दुर्लक्ष होते. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक ॲसिड हे हाडांच्या ठिसूळपणावरचे इंजेक्शन दिल्याने नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००७ मध्येच प्रसिद्ध झाले आहे. ड जीवनसत्त्व व कॅल्शियम आधी भरून काढणे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहणे आवश्यक असते, एवढे सांभाळले तर हे इंजेक्शन लहान रुग्णालयातही सहज देता येते. नोंद ठेवून सर्वांत लवकर सुधारणारा आकडा हाच असतो, कारण त्यासाठी ओटी लागत नाही की मंजुरी लागत नाही.

गोपनीयतेविषयी तुम्ही विचारले नाही, पण सांगणे भाग आहे. नाव, पत्ता आणि फोन असलेले पान वेगळे व कुलपात ठेवा, आणि बैठकीत केवळ अनुक्रमांक वापरा. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर दाखल होतानाच साध्या मराठीत लिहिलेली संमती घेणे, पुढे फोन करू हे तिच्यात सांगणे योग्य. हीच माहिती पुढे संशोधनासाठी वापरायची असेल तर नैतिकता समितीची परवानगी वेगळी घ्यावी लागेल.

तुमच्यापुरते पाहण्याआधी आकाराची एक कल्पना द्यावीशी वाटते. हरियाणातील रोहतक जिल्ह्याच्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १२९ खुब्याची फ्रॅक्चर आढळली होती. तोच दर धरला तर पन्नाशीपुढचे सहा लाख लोक असलेल्या जिल्ह्यात वर्षाला पावणेआठशेच्या आसपास रुग्ण असतील. त्यांतले साठच तुमच्याकडे येतात, म्हणून पुढे इतरांनाही सोबत घ्यावे लागेल. पहिले तीन महिने मात्र कागदावर, एकट्या तुमच्या रुग्णालयात चालवा. फॉर्म उघडण्याची जबाबदारी कॅज्युअल्टीतील एका ठरावीक सिस्टरांकडे आणि तो पुरा झाल्याची खात्री करण्याची जबाबदारी स्वतःकडे ठेवा. चौथ्या महिन्यात तोच फॉर्म घेऊन जिल्हा रुग्णालयातील आणि शहरातील दोन-तीन खासगी अस्थिरोगतज्ज्ञांना भेटा, आणि रकान्यांच्या व्याख्या सर्वांच्या एकच राहतील एवढे आधी ठरवून घ्या. साध्या स्प्रेडशीटवर हे आकडे एकत्र करता येतील. सॉफ्टवेअरचा विचार त्यानंतर करावा.